घोडा का नाही मारलास?

पहाटे साडेपाचला फोन वाजला की घरात सगळ्यांना वाटतं कुठून तरी वाईट बातमी आली. मला माहीत असतं की मास्तर उठलेत. राजापूरचे आमचे मास्तर, गणित शिकवून रिटायर झालेले, रात्री झालेला बुद्धिबळाचा डाव सकाळी चहाबरोबर बघतात आणि मग ग्रुपवर एकच वाक्य टाकतात. परवाचं होतं, "सिस्टरबाई, तुमचा उंट सतराव्या चालीपासून कोपऱ्यात उभा आहे, त्याला कुणी पाणी तरी विचारलंत का?" कुडाळच्या सिस्टरबाई नाईट ड्युटी संपवून तेव्हा घरी निघालेल्या असतात, त्यांचं उत्तर येतं, "मास्तर, तो उंट ऑब्झर्वेशनखाली ठेवलाय, डिस्चार्ज उद्या." आणि मग मालवणचा आमचा पोरगा, जो ट्रॉलरवर खलाशी आहे आणि त्या वेळी बंदरात असेल तरच बोलतो, तो लिहितो, "उंटाचा ऱ्हवांदे, राजा बगा, उघडो पडलो हा."

आणि इथून दिवस सुरू होतो.

मूळचे आम्ही आठ जण आहोत. देवगडला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, दापोलीच्या बाजूचे एक काका आहेत त्यांची नारळ-सुपारीची वाडी, एक जण चिपळूणला एसटीत कंडक्टर, दोघं मुंबईला असतात आणि गणपती-शिमग्याला गावी येतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये कुणीतरी ऑनलाईन स्पर्धा ठेवली होती, तिथे एकमेकांशी हरलो-जिंकलो आणि ओळख झाली, स्पर्धा संपली तरी बोलणं संपलं नाही. खेळतो लिचेस नावाच्या बुद्धिबळाच्या वेबसाईटवर, कारण ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि थिबो दुप्लेसी नावाच्या एका फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० साली सुरू केलेली ही गोष्ट आजही लोकांच्या देणग्यांवर चालते याचं मला खरंच अप्रूप वाटतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दहा मिनिटांचा डाव होतो. गिऱ्हाईक आलं तर हरते. त्याचं काही नाही.

मला जे सांगायचंय ते डावाबद्दल कमी आणि डावानंतरच्या बोलण्याबद्दल जास्त आहे. बुद्धिबळवाले त्याला पोस्टमॉर्टेमच म्हणतात, जगभर हाच शब्द आहे, स्पर्धेत दोघं खेळाडू डाव संपल्यावर तिथेच बसून पट मागे नेतात आणि इथे हे का केलं, तिथे ते का नाही, असं बोलतात. आमच्याकडे मास्तरांनी पहिल्याच महिन्यात नियम केला की डाव झाल्यावर चोवीस तास कुणीही इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, लावायचं नाही. आणि हरलेल्याने आधी बोलायचं. आणि कुठली चाल चुकली ते नाही सांगायचं, ती चाल खेळताना मनात काय होतं ते सांगायचं.

सुरुवातीला मला हा नियम शाळेतला वाटला होता. कारण बटण दाबलं की स्टॉकफिश नावाचं इंजिन दोन सेकंदांत सांगतंच की बावीसावी चाल चुकली, दोन प्रश्नचिन्हं लावून देतं, बाजूला आकडा येतो, उणे तीन पॉइंट काहीतरी, म्हणजे साधारण एक उंट किंवा घोडा गमावल्याइतकं नुकसान. जगज्जेत्याला सहज हरवेल इतकं ते पक्कं आहे, त्याच्या आकड्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण बावीसाव्या चालीला मी वजीर मागे का घेतला हे त्याला कुठे माहीत असणार? मी मागे घेतला कारण आदल्या आठवड्यात सिस्टरबाईंनी माझा वजीर घोड्याने अडकवून खाल्ला होता आणि तेव्हापासून पटावर कुठेही घोडा दिसला की माझा हात मागे जायचा. हे मी लिहिलं तेव्हा सिस्टरबाईंचं लगेच उत्तर आलं की अगं मला तर तेव्हा तुझ्या हत्तीची भीती वाटत होती, तो घोडा मी पळवायलाच उचलला होता, वाटेत वजीर मिळाला. दोघी घाबरून खेळत होतो आणि दोघींना समोरची वाघीण वाटत होती. हे इंजिन सांगत नाही.

मी बुद्धिबळ शिकले आजोबांकडे, पडवीत, जमिनीवर खडूने पट आखून. आणि ते देशी नियमांनी खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नाही, एकच. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते, तीसुद्धा त्याला अजून शह लागला नसेल तर. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच होतं, थेट वजीर नाही. शाळेत पहिल्यांदा स्पर्धेत बसले आणि समोरच्या मुलीने एका चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवले तेव्हा मी हात वर करून सरांना बोलावलं होतं. हे ग्रुपवर सांगितल्यावर मास्तरांनी सुलतान खानची गोष्ट सांगितली. पंजाबातला माणूस, तोही आधी देशी नियमच शिकलेला, पुढे इंग्लंडला गेला आणि तिथली ब्रिटिश चॅम्पियनशिप १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा जिंकला. सुरुवातीच्या चालींमध्ये कच्चा, पण शेवटाकडे डाव गेला की भल्याभल्यांना आवरायचा नाही. मास्तर म्हणाले, "तुझी सुरुवात अजून पडवीतलीच आहे, पण शेवट बरा खेळतेस, काळजी करू नकोस." मला ते फार आवडलं होतं.

आजोबांचा एक शब्द मात्र मी ग्रुपला दिला, प्यादेमात. प्याद्याने मात केली तर जुन्या लोकांत त्याचा मान वेगळा असायचा, आणि आमच्यातही आता कुणी प्यादेमात दिली तर समोरच्याने सोलकढी पाजायची असं ठरलंय. कंडक्टरसाहेबांच्या नावावर आजघडीला पाच वाट्या उधार आहेत.

आता एक रात्र सांगते. जुलै होता, ट्रॉलर बंद, म्हणजे एक जून ते एकतीस जुलै मासेमारीला बंदीच असते, त्यामुळे मालवणचा पोरगा पूर्ण वेळ ग्रुपवर. बाहेर पाऊस असा की पागोळ्या नाहीत, सरळ धारच. मास्तरांनी एक स्थिती टाकली. पटावर फक्त चार मोहरी (घरांची नावं अशी, उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी एक ते आठ). पांढरा राजा एच८, अगदी कोपऱ्यात, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची चाल, बरोबरी करून दाखवा. बाकी काही लिहिलं नव्हतं.

लावून बघा घरी. काळं प्यादं सुटलंय, खाली धावत जाऊन वजीर होणार, आणि पांढरा राजा त्याच्या मागे पळाला तर कायम दोन पावलं मागेच राहतो. आपल्या प्याद्याला मदत करायला जावं तर राजा लांब, आणि काळा राजा त्या प्याद्याच्या अगदी शेजारी, दोन चालींत खाऊन टाकेल. म्हणजे दोन कामं, दोन्हीला उशीर झालेला. सिस्टरबाई म्हणाल्या, पेशंट गेलेला आहे. मुंबईचे दोघं म्हणाले छापायला चुकलंय. मी वहीवर मांडून तीन दिवस बघत होते, दुकानात माझ्या समोर लोक आधार कार्डाच्या कॉपीसाठी उभे असायचे आणि मी मनात प्याद्यामागे पळत असायचे.

चौथ्या दिवशी मालवणहून व्हॉइस मेसेज आला. मागे पावसाचा आवाज. "मास्तरानू, राजा तिरको जाऊक व्हयो. होडी कदी नाकासमोर जाता काय? तिरक्या गेलास तरी पावला तितकीच पडतत."

एवढंच. आणि मी वहीवर राजा तिरका नेला, जी७, एफ६, ई५. तीन पावलं. सरळ खाली गेला असता तरी तीनच पावलं झाली असती, कारण या पटावर तिरकं अंतर सरळ अंतराएवढंच मोजलं जातं, शाळेतल्या भूमितीत कर्ण मोठा असतो, इथे नसतो. आणि तिरकं जाताना राजा दोन्हीकडे सरकत असतो, एका पावलात काळ्या प्याद्याच्याही जवळ आणि स्वतःच्या प्याद्याच्याही. काळ्याला मध्ये एक चाल सी६चं प्यादं आवरायला राजा हलवण्यात घालवावी लागते, राजा बी६. आणि मग ई५वर पांढरा राजा असा उभा राहतो की काळ्याने सी६चं प्यादं खाल्लं तर तो एफ४, जी३ करत एच प्याद्याला गाठतो, आणि काळ्याने प्यादं पुढे ढकललं तर तो डी६ला जाऊन स्वतःचं प्यादं पोचवतो, दोघांचे वजीर होतात. बरोबरी. मी रात्री साडेअकराला एकटी स्वयंपाकघरात बसून हे बघत होते आणि डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.

मास्तरांनी मग सांगितलं की हे रिचर्ड रेटीने १९२१ साली रचलेलं कोडं आहे, शंभर वर्षं झाली, जगातल्या प्रत्येक बुद्धिबळाच्या वर्गात शिकवतात. पोरगा म्हणाला, "माका काय म्हायत, माका वाटला तुमी बनवल्यात." त्याला रेटी माहीत नव्हता. वाऱ्यात होडी कशी न्यायची ते माहीत होतं. त्या दिवशी बटण दाबलं असतं तर उत्तर सगळ्यांना मिळालं असतं, पण ते होडीचं वाक्य मिळालं नसतं, आणि आता मी आयुष्यात कधीही राजा तिरका नेला तरी ते वाक्य त्याच आवाजात ऐकू येणार.

त्याच्याशी खेळायचं म्हणजे घड्याळ ठेवून चालत नाही हेही सांगायला हवं. नारळी पौर्णिमेनंतर ट्रॉलर समुद्रात गेला की दिवसेंदिवस रेंज नाही. म्हणून त्याच्याबरोबर आणि काकांबरोबर आम्ही ग्रुपवरच चाली टाईप करून खेळतो, "घोडा एफ३", एवढाच मेसेज, वेळेचं बंधन नाही. एक डाव नारळी पौर्णिमेला सुरू झाला तो दिवाळीत संपला. मध्येच कधीतरी रात्री दोनला फोन उजळतो, बंदराजवळ आला असणार हे त्यावरून कळतं, आणि चालीखाली लिहिलेलं असतं "सुरमय बरी गावली".

एकदा एका नवीन मुलाला आम्ही घेतलं होतं, ग्रुपमधल्या एकाचा भाचा, कॉलेजात शिकणारा. तो सगळ्यांना हरवायला लागला, आणि कसं, तर अशा चालींनी की बघत राहावं. मास्तरांनी त्याच्यावर कसलाही आळ घेतला नाही. प्रत्येक डावानंतर नेहमीसारखं विचारलं, "बाळा, इथे प्यादं एच४ का केलंस? तेव्हा कशाची भीती होती?" आणि त्याला सांगता यायचं नाही. "चांगली वाटली" म्हणायचा. चाल उत्तम आणि मागे काहीच नाही, ना भीती ना हाव. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याने स्वतःच मास्तरांना फोन केला आणि सांगून टाकलं की दुसऱ्या मोबाईलवर इंजिन लावत होतो. मास्तर म्हणाले, "आता हरायला ये." तो आला. आता चिकार हरतो, आणि हरल्यावर इतकं मनापासून लिहितो की त्याच्या पोस्टमॉर्टेमची आम्ही वाट बघतो.

गुकेशचा जगज्जेतेपदाच्या लढतीतला शेवटचा डाव आम्ही असाच एकत्र बघितला, १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, डिंग लिरेनबरोबर साडेसहा-साडेसहा बरोबरी आणि हा चौदावा डाव. लाईव्हमध्ये बाजूला इंजिनची पट्टी दिसते ना, कोण पुढे आहे ते दाखवत वर-खाली होणारी, तिच्यावर मास्तरांनी फोनच्या काचेवर चक्क कागदाची पट्टी चिकटवली होती आणि आम्हा सगळ्यांनाही चिकटवायला लावली. गुकेश काळ्याने खेळत होता, त्याच्याकडे हत्ती, उंट आणि दोन प्यादी, डिंगकडे हत्ती, उंट आणि एक. सगळे म्हणत होते बरोबरीच होणार. दिवेलागणीची वेळ, मी दुकानातच, आणि पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२वर आणला. आम्हाला पट्टी दिसत नव्हती. पहिला मेसेज सिस्टरबाईंचा, "हत्ती देतोय? का?" मग मीही बघितलं. काळ्या हत्तीने तो हत्ती मारला, पांढऱ्या राजाने काळा हत्ती मारला, आणि आता काळा उंट डी५. डिंगचा उंट बिचारा ए८ला, कोपऱ्यात, त्याला त्या तिरक्या रेषेतून निघायला जागाच नाही. उंटही जाणार. मग उरतात राजे आणि प्यादी, दोनाला एक, आणि राजा-प्याद्यांचा तो डाव काळा जिंकतो. आम्ही आठ जणांनी हे इंजिनशिवाय पाहिलं, गुकेशच्या चेहऱ्यावर ते उमटत होतं त्याच मिनिटाला. अठरा वर्षांचं पोर जगज्जेता झालं, आणि रडत रडत त्याने पटावरची मोहरी पुन्हा जागच्या जागी मांडून ठेवली. कंडक्टरसाहेबांनी लिहिलं की शेवटच्या फेरीची गाडी असली तरी मी पण झाडूनच ठेवतो.

रात्री मास्तरांनी मात्र डिंगबद्दलच लिहिलं. की चार तास बचाव केल्यावर माणसाला जिंकायचं नसतं, हरायचंही नसतं, त्याला फक्त संपायला हवं असतं. मोहरी कमी झाली की संपेल, असं वाटतं. ही मास्तरांची समजूत, खरं डिंगलाच ठाऊक, पण मला ती पटते कारण मी तशी कितीतरी वेळा मोहरी देऊन मोकळी झाले आहे.

आता काकांचं. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

ग्रुप सुरू होऊन दीड-दोन महिने झाले होते. काकांचा आणि माझा टाईप करून चाललेला डाव, काका पांढरे. २ जून २०२०च्या रात्री त्यांचा मेसेज आला, "वारा फिरलाय. उद्या चाल देतो." दुसऱ्या दिवशी दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि मंडणगड, दापोली सगळं झोडपून निघालं. त्यानंतर काकांचा फोन लागेना. वीज नाही, टॉवर नाही. आम्ही रोज त्यांच्या नावासमोरची ती एक टिक बघायचो. कुणीही डाव खेळलं नाही, ठरवून नाही, पण नाही खेळलं.

बावीस दिवसांनी ग्रुपवर दोन शब्द आले. "हत्ती डी७."

मग खाली, दुसरा मेसेज, "घराची कौलं गेली. सुपाऱ्या सगळ्या झोपल्या. माणसं ठीक."

मी पट मांडला. त्यांचा हत्ती माझ्या प्याद्यांच्या ओळीत घुसला होता, आणि ई५वर त्यांचा घोडा होता, बिनआधाराचा. माझ्या उंटाच्या तोंडात. मी खूप वेळ बघितलं आणि राजा एफ८ला सरकवला. घोडा नाही मारला. डाव पुढे बरोबरीत सुटला, आणि पोस्टमॉर्टेमला मास्तरांनी विचारलं, घोडा का नाही मारलास? मी लिहिलं, सातव्या ओळीतल्या हत्तीला घाबरले. चोवीस तासांनी इंजिन लावलं तर ते म्हणालं घोडा मारायला हवा होता, काळा सरळ जिंकतो. विषय तिथे संपला.

गेल्या माघात हर्णैला लग्न होतं, तिथून काकांकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भेटत होतो. घरावर आता पत्रा आहे. मागच्या वाडीत नव्याने लावलेल्या सुपाऱ्या माझ्या डोक्याच्या वर गेल्यात, पण फळ धरायला अजून वेळ आहे म्हणाले. काकूंनी आंबोळ्या केल्या. मग काकांनी कपाटातून एक वही काढली, शंभर पानी, कडा पाण्याने फुगलेल्या. वादळानंतर त्या दिवसांत दिवसभर पडलेली झाडं तोडायची आणि रात्री रॉकेलच्या दिव्यात ही वही घेऊन बसायचे. फोन बंद, पण स्थिती पाठ होती. पानावर पेन्सिलीने पट आखलेला, मोहऱ्यांची अक्षरं, रा, व, ह, उं. घोडा कुठेही हलवला तरी एक प्यादं जातंय हे त्यांनी सगळीकडून तपासलेलं दिसत होतं, खोडून खोडून कागद झिरझिरीत झाला होता. खाली लिहिलं होतं, "ह डी७. घो तसाच ठेवावा. बाय मारणार नाही. हत्तीला घाबरेल."

मी वाचत होते तोवर ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "घाबरलीस ना? का दया केलीस?"

एवढी वर्षं हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःही नाही. म्हटलं, "काका, दोन्ही. आधी घाबरले. मग मारता येतो हे दिसलं, तेव्हा तुमची कौलं आठवली."

"हं," म्हणाले. उठून पट आणला, लाकडी, एका काळ्या हत्तीच्या जागी सुपारी ठेवलेली. पडवीत बसून वहीत बघत बघत सगळी मोहरी लावली, डी७वर हत्ती, ई५वर घोडा, आणि पट माझ्याकडे फिरवला. "आता कौलं नाहीत, पत्रा आहे. मार."

मी उंटाने घोडा मारला.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, आणि बराच वेळ पटाकडे बघून काकूंना आत हाक मारली, "अगो, चहा टाक आणखी एकदा. माझी पंचाईत झाल्येय."